चार दिव्यांची गाडी

माझ्या आत्याच्या मते मला दोनच व्यसनं आहेत, चहा आणि मस्टँग. चहा ती स्वतःच करून देते. मस्टँग ही अमेरिकन गाडी, आणि तिचीही फक्त पहिली पिढी, चौसष्ट ते त्र्याहत्तर. ती मी आजवर एकदाही प्रत्यक्ष पाहिलेली नाही. नगरच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं नोकरी केली, जन्मभर स्कूटर चालवली आणि रद्दीतल्या मासिकांतून, पुढे मोबाईलवरून, त्या गाडीचं अख्खं घराणं पाठ केलं. "दारात स्कूटर आणि तोंडी अमेरिका," असं आत्या येईल त्या पाहुण्याला सांगते.

आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे. शेवगावला प्राथमिक शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर आमच्याकडे नगरला आली. गेल्या नोव्हेंबरात मी एक जुनी छोटी मोटार घ्यायचं ठरवलं, तीही मुख्यतः हिला दवाखान्यात न्यायला. विकणारा म्हणाला, शनिवारी घेऊन जा. आत्याने साफ नाही म्हटलं. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही. शिंगणापूर इथून तासाभरावर, तेव्हा त्या देवाशी वाकडं कोण घेणार? मी चडफडलो आणि रविवार ठरवला.

त्याच आठवड्यात पेन्शनसाठी तिचा हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शनचा कागद काही सापडेना, म्हणून तिने पहिल्यांदाच मला तिची पत्र्याची पेटी उघडू दिली. कागद तळाशी होता आणि त्याखाली, रुमालात गुंडाळलेला, एक फोटो.

फोटोत माझा धाकटा काका होता. भिंतीवर हार घातलेला त्याचा फोटो आहे, तो चेहऱ्यापुरता. तो यातूनच मोठा करून घेतलाय, हे मला तेव्हा कळलं. इथे काका बर्फात उभा होता, अंगात आत्याने विणलेला स्वेटर आणि हात एका गाडीच्या बॉनेटवर. गाडी ओळखायला मला चष्मासुद्धा लागला नाही. मागे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "अक्का, शनिवारी घेतली. रागवू नकोस."

मी हसलो, कारण हा किस्सा घरात सगळ्यांना ठाऊक होता. काका शाळेत असताना त्याने शनिवारी जुनी सायकल आणली होती आणि आत्याने ती रविवार उजाडेपर्यंत शेजाऱ्यांच्या ओट्यावर ठेवायला लावली. तिकडून तो ओरडत राहिला, अक्का रागवू नकोस, अक्का रागवू नकोस. पण आत्या हसली नाही. फोटो दे इकडे, म्हणाली.

का, ते तिने मग सांगितलं. सहासष्ट साली काका शिकायला अमेरिकेला गेला. अडुसष्टच्या मेमध्ये आजोबा वारले आणि तो आला नाही. त्याला जमलं नसेल, पण तेव्हा घरात कोणी ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी आत्याने त्याला पत्र टाकलं. आता येऊ नकोस, आम्ही तुझ्या नावाने आंघोळ केली आहे. त्यावर उत्तर आलं नाही. एकोणसत्तरच्या डिसेंबरात काका तिकडेच न्यूमोनियाने गेला आणि तिच्यावर खरोखरच ती आंघोळ करायची वेळ आली. त्याच्या मित्राने सामान आणून दिलं, त्यात तिचं पत्र होतं, फोडलेलं. आणि हा फोटो. म्हणजे पत्र त्याने वाचलं आणि तिचे ते शब्द उराशी घेऊनच गेला, असं ती पंचावन्न वर्षं धरून बसली होती.

मग या फोटोतलं "रागवू नकोस"? मी विचारलं. ते आधीचं, ती म्हणाली, पहिल्या हिवाळ्यातलं. स्वेटर बघ किती नवा दिसतोय.

मी फोटो पुन्हा हातात घेतला आणि गाडीचं तोंड निरखून पाहिलं.

चौसष्टच्या एप्रिलमध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा अंगाने सडपातळ होती. आतला सांगाडा एका साध्या घरगुती गाडीचा, वर मात्र लांब नाक आणि आखूड पाठ, आणि किंमत कारकुनाला झेपेल अशी. लोकांच्या उड्या पडल्या. सदुसष्टला मोठं इंजिन बसावं म्हणून तिला रुंद केलं, एकोणसत्तरला आणखी लांब केलं, एकाहत्तरला तर ती सासरचं जेवण मानवलेल्या जावयासारखी चहूबाजूंनी सुटली. त्र्याहत्तरनंतर लहान गाडी काढून त्यांनी ती पिढीच संपवली. या सगळ्या वर्षांत पुढचे दिवे दोन. अपवाद एकाच वर्षाचा. एकोणसत्तरच्या मॉडेलला चार दिवे होते, सत्तरला पुन्हा दोन झाले. आणि एकोणसत्तरचं मॉडेल दुकानात लागलं ते अडुसष्टच्या ऑगस्टअखेर, कारण तिकडे पुढच्या वर्षाची गाडी आदल्या वर्षीच विकायला काढतात.

मी आत्याचं पोथी वाचायचं भिंग आणलं. चुकलो असतो तर ते दुःख मी तिला नव्याने दिलं असतं. तीन दिवे स्वच्छ दिसत होते, चौथ्याच्या जागी काकाची मांडी. पण तीन दिव्यांची गाडी अजून कोणी काढलेली नाही.

"आत्या, हा फोटो तुझ्या पत्राच्या नंतरचा आहे."

कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "आणि स्वेटर?"

"जपून वापरला असेल."

तिने माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, पाढे घ्यावेत तसं. मग बोटांवर जून, जुलै, ऑगस्ट मोजले आणि फोटोतल्या बर्फावर बोट ठेवलं.

"म्हणजे पत्र वाचून झाल्यावर."

"वाचून झाल्यावर."

"सुटले रे मी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मीही रडलो. फोटो त्याने पोस्टात का टाकला नाही, याचं कोडं मला पडलं नाही, आळस आमच्या घराण्यातच आहे. राग आला तो माझा मलाच. ही पेटी आणि मी तीस वर्षं एका घरात होतो, आणि मी त्या गाडीच्या बाता जगाला ऐकवत हिंडत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने बँकेत गेलो. तिथल्या मुलीने मोबाईल समोर धरून आत्याला डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि आत्या हयात असल्याची नोंद झाली. परत येताना चौकात सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, त्या गाडीवाल्याला फोन कर.

"कशाला? रविवारचं ठरलंय की."

"शनिवारीच आण. देवाचं मी बघते." मग म्हणाली, "मी नाही रागवत."

मी रिक्षातूनच फोन लावला.