देवीने मला उत्तर दिलं नाही

मुलीला समुद्री जीवशास्त्र शिकायचं होतं आणि मला तिला घरापासून लांब पाठवायचं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, पण आमच्या बोईसरच्या घरात तो महिनाभर ठाण मांडून बसला. मी तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठला माल कुठल्या कप्प्यात आहे हे मला न बघता सांगता येतं, आणि घरही मी तसंच चालवते. त्यामुळे कॉलेजांचा तक्ताही मीच केला. फी, हॉस्टेल, जेवण, पुढची नोकरी, अंतर. अंतराला सगळ्यात जास्त गुण ठेवले, त्यामुळे पालघरचं कॉलेज पहिलं आलं. तिथे आधी साधं प्राणिशास्त्र होतं, समुद्राचा विषय पुढे कधीतरी. मुलीला हवं होतं ते कॉलेज केरळात होतं. त्यांची स्वतःची बोट होती आणि पहिल्या वर्षापासून ते मुलांना पाण्यावर नेत. तिथल्या यादीत तिचं नाव लागलं होतं. सोमवारपर्यंत होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

तिने तक्ता शांतपणे वाचला आणि विचारलं, "अंतराला एवढे गुण कोणी ठरवले?"

"मी."

"मग निकालही तूच लाव," असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्या वडिलांना विचारलं, तर ते डबा भरता भरता म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा, मला सेकंड शिफ्ट आहे."

समुद्राचं हे वेड तिला माझ्या माहेरी लागलं. माहेर केळव्याजवळ, वाडीतलं. लहानपणी सुट्टीत ती खाडीकाठी बसून चिखलात उड्या मारणारे निवटे मासे बघत राहायची आणि गुडघ्यापर्यंत माखून घरी यायची. माझी वहिनी तेव्हा म्हणायची, "आमी निवटे खातो, ही त्यांना भेटायला जाते." गेल्या काही वर्षांत तिथे निवटे कमी दिसतात, आणि ते का, हे तिला शोधायचं आहे. हे सगळं मला माहीत होतं, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मी फार देवभोळी नाही. सकाळ-संध्याकाळ दिवा, नवरात्रात उपास, एवढंच. पण माहेरच्या गावदेवीचा कौल आम्ही मानतो. लग्न असो, विहीर असो, नवं काम असो, आधी देवीला विचारायचं. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतात आणि विचारणाऱ्याने मनात प्रश्न धरायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

शनिवारी सकाळी मी एकटीच गेले. मुलीला सांगितलं, मामीकडे सुपारी बघायला जाते. देवीपुढे उभी राहून मनात म्हटलं, 'मुलीला पालघरलाच ठेवते, चालेल ना?' पाकळ्या हलल्या नाहीत. बराच वेळ गेला. मी पुजारीबाबांना विचारलं, पाणी जास्त लागलं का? ते म्हणाले, "पानी नेहमीचंच हाय." त्यांनी पाकळ्यांची नवी जोडी लावली. मी शब्द बदलून पुन्हा तेच विचारलं. तरीही काही नाही. पंखा बंद होता, दार उघडं होतं, आणि दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

मागे खांबाला टेकून एक कोळीण बसली होती. ओळखदेख काही नाही. तिने विचारलं, "काय मागतं बाय?" एरवी मी अनोळखी माणसाला घरातलं सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितलं.

ती म्हणाली, "पोर तुझी, पन जायाचं हाय कोनाला?"

"तिला."

"मग तू कशाला मधी? आमच्यात बोट घेऊन जो जातो, त्यानंच येऊन कौल मागायचा. त्याची बायको मागायला आली, तर देवी म्हनते, तू घरी जा, भात लाव."

पुजारीबाबा हसले. "आपल्यातपन तोच नेम हाय," ते म्हणाले. "मला वाटलं तुमी सोतासाठी विचारताय." नेम मला लहानपणापासून माहीत होता. आई आपल्या लेकरासाठी विचारते आहे म्हटल्यावर तो मला लागू होणार नाही, असं मी धरून चालले होते.

रविवारी मी मुलीला घेऊन गेले. वाटेत वहिनीकडे थांबलो, तेव्हा मी चहा गाळत असताना तिने माझ्याकडून ऐकलेली कालची सगळी हकिगत भाचीला सांगून टाकली. देवळात मी दाराशीच थांबले. मुलीने हात जोडले, डोळे मिटले. पुजारीबाबांनी पाकळ्या लावल्या आणि हात मागे घेतला, तोच डावी पाकळी पडली.

डावी, म्हणजे नाही. मी मनात देवीचे आभार मानले. केरळ गेलं, मुलगी घरी राहिली. माझ्या खांद्यांवरचा महिन्याभराचा ताण तिथेच उतरला. मुलीने पाकळी उचलून कपाळाला लावली आणि बाहेर आली.

मी म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू काय विचारलंस?"

"पालघरलाच राहू का, असं विचारलं."

म्हणजे देवीचं 'नाही' पालघरला होतं. मी विचारलं, "तुझं सोडून हे का विचारलंस?"

"काल तुला उत्तर मिळालं नव्हतं ना," ती म्हणाली. "म्हटलं, तुझाच प्रश्न विचारावा."

"आणि उजवी पडली असती तर?"

"राहिले असते," ती चपला घालत म्हणाली.

ती खरंच राहिली असती. माझ्यासाठी, आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेखही न करता. देवळाच्या पायरीवर मी तिचा हात धरून बसले आणि रडले. त्याच दुपारी मी स्वतः बसून होकार कळवला.

पाकळी का पडली, यावर मी वाद घालत नाही. ओली पाकळी कधीतरी पडणारच, असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. मला एवढंच कळलं, की आदल्या दिवशी देवीने माझ्याकडे पाठ फिरवली नव्हती. माझ्या हातातलं नसलेलं काम तिने माझ्या हातात दिलं नाही, एवढंच. ती कोळीण पुढे मला पालघरच्या बाजारात दिसली. मी आभार मानायला गेले, तर तिला काहीच आठवेना. म्हणाली, "कौल-बिल नंतर, बोंबील घेतं का?" मी घेतले, घासाघीस न करता.

आता दर बुधवारी मुलगी बोटीवर असते आणि संध्याकाळपर्यंत तिचा फोन लागत नाही. सुरुवातीला मी तासातासाला लावून बघायची. आता सकाळी दिवा लावताना देवीला सांगते, आज ती तुझ्याकडे आहे. मग कारखान्यात गेल्यावर फोन कपाटात ठेवते आणि आलेला माल उतरवून घ्यायला जाते.