सांधा तुटला न्हाय

हुपरीहून कोल्हापूरला येताना, भर उन्हात, मी पोराच्या अमेरिकेतल्या विद्यापीठाचं जाकीट घालून एसटीत बसलो होतो. लोकांना नाव दिसावं म्हणून, दुसरं काय! शेजारी एक आफ्रिकन पोरगी, बोटं भाजलेली. मी मागच्या पावण्याला म्हटलं, “ह्यांच्यात शिक्षण कुठलं ओ?”

ती वळली, माझ्या जाकिटावरच्या नावावर बोट ठेवलं. “काका, ह्याच विद्यापीठात धातुशास्त्र शिकून आलोय की मी.”

माझी मान खाली गेली. तिला त्याचं काहीच नव्हतं. पिशवीतलं पैंजण उंच धरून ती ओरडली, “हे बघा! वरीसभर हुपरीत चांदी जोडायला शिकताना हात भाजून घेतलं. आज शिकवणाऱ्या मावशीनं माझ्या हातचा सांधा ओढून बघितला. तुटला न्हाय!”

पुढच्या सीटवरच्या हुपरीच्या म्हातारीनं पैंजण घेतलं, दात-ओठ खाऊन ओढलं आणि म्हणाली, “व्हय गं. पक्का हाय.”

अख्ख्या एसटीनं टाळ्या वाजवल्या. मी आधी जाकीट काढलं, मग वाजवल्या.