शेंदराखालचा नंबर

सकाळचा दुसरा चहा न घेता घराबाहेर पडावं लागणं हा घोर अन्याय असून आपल्या नव्या घटनेत त्यावर दाद मागायची सोय नाही, हे खेदपूर्वक नमूद करतो. दौंडची पॅसेंजर कुणाच्या चहासाठी थांबत नाही. जाणार असाल तर थर्मास न्या.

जायचं कारण एक मोटार. विलायतेतल्या एका चिमुकल्या कारखान्यानं दोघांपुरत्या, बिनटपाच्या शर्यतीच्या मोटारी बांधल्या. पुढे कारखाना बुडाला, दप्तर जळालं. एकूण बांधल्या किती, हे तिथले एक गृहस्थ इंजिनांवरचे नंबर गोळा करून ठरवताहेत. यादी सतरावर थांबलेली. सतरावी पुण्यातल्या आमच्या मोटारवेड्या नानांची, म्हणजे शेवटची, म्हणून नानांची मान कायम ताठ. अशात दौंडच्या एलिशामामांचं, रेल्वेतल्या निवृत्त फिटरचं, पत्र आलं: 'अठरावी मी माझ्या हातानं आमच्या गोऱ्या साहेबासाठी जोडली आहे.' नानांच्या ओसरीवर सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

मामा फलाटावरच उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पान्यांची पिशवी.

"लई हसलात म्हणं पुण्यात."

"थोडंसं."

"चाळीस वर्सं इंजनं जोडली. खोटा कुणी म्हनलं न्हवतं."

पुढचा सगळा रस्ता मी बाहेर बघत होतो.

ती मोटार आता भीमेपलीकडे आहे, हे मामांना ठाऊक होतं. एस.टी.नं मागे यवत, तिथं पिठलं-भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा, मग छकड्यातून भीमेचा काठ. होडीवाला माणशी दोन आणे घेतो आणि गप्पा फुकट मारतो. पलीकडे वडगाव रासाई. तिथल्या धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर, ते इंजिन पाणी उपसायला बसवलेलं!

"आणि बाकीची मोटार?" मी.

"चाकं छकड्याला, पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला," धोंडिबा म्हणाला. "सायेब इलायतेला गेला तवा लिलावात घेतली. वाया कायबी न्हाई घालवलं."

नंबराची पितळी पट्टी मात्र गायब. दर दसऱ्याला तिच्यावर शेंदूर चढलेला, बोटभर जाड. मी चाकू काढला तशी धोंडिबाची आई आडवी आली.

"देवाला खरवडतूस व्हय रं? आपणहून पडंल तवा पडंल."

मामांनी टोपी काढली. "खरं हाय आजी. पर पानी तरी वढू द्या की."

त्यांनी हँडल मारलं, कसलासा स्क्रू फिरवला आणि एवढी वर्षं मुकाट पाणी ओढणारं ते इंजिन शर्यतीत उतरल्यासारखं किंचाळलं. विहिरीतली कबुतरं उडाली. पाणी पाटाबाहेर, धोंडिबा पाण्यामागे, माझे पाय चपलांसकट चिखलात. शेंदूर तापला, थरथरला, तडकला आणि अख्खी खपली खाली आली. म्हातारीनं ती पदरात झेलली.

मामा पाठ फिरवून हात पुसत होते. "वाचा तुम्हीच."

"अठरा!" मी ओरडलो. "मामा, अठरा!"

"मग?" ते म्हणाले. पण हात पुसून संपेनात.

पुण्यात नानांना सांगितलं.

"म्हणजे माझी शेवटून दुसरी?"

"आजपुरती."

मला अजून ते किंचाळणं ऐकू येतं आणि चहाविना गेलेला दिवस स्वस्त वाटतो. विलायतेतल्या त्या गृहस्थांनी पाठवलेल्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता: 'शोध कुणाचा?' बायको म्हणाली, "घाला की तुमचं नाव, छापून येईल."

मी सावकाश, सुवाच्य अक्षरात एलिशामामांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.