बॅटरीबाईचे शेवट

थिएटरात तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. नाव कॅन्टीनवाल्याने ठेवलं आणि ते चिकटलं. तिच्या हातात सदैव बॅटरी असायची. कधीकधी तर ती पर्समध्ये टाकायचं विसरून बाई भर उन्हात बॅटरी हातात धरून बसस्टॉपवर उभी राहायची. काम सोपं होतं. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि उशिरा येणाऱ्यांना अंधारात त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं. उजेड पायाशी टाकायचा, तोंडावर नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका गृहस्थाने झापलं आणि ती आपोआप शिकली.

थिएटरात पडदे दोन आणि दारावर माणूस एक. त्यामुळे तिच्या सिनेमा बघण्याला एक अट पडली होती. सुरुवात ती बघायची, मध्यंतरापर्यंतचं बघायची, नंतरचंही बरंचसं बघायची. शेवट जवळ आला की मात्र तिला बाहेर बोळात जावं लागे. तिथे मागच्या गल्लीत उघडणाऱ्या दाराची कडी काढायची आणि आत दिवे लागेपर्यंत तिथेच थांबायचं. घाईने आतलं दार उघडलं तर उजेडाची तिरीप थेट पडद्यावर जायची आणि ऐन मोक्याला लोक शिव्या घालायचे. म्हणजे आत नायिका शेवटचे श्वास मोजत असताना बॅटरीबाई बंद दाराच्या अलीकडे कडीवर हात ठेवून उभी असायची. आतून फक्त संगीत आणि नाकं ओढल्याचे आवाज यायचे.

इतक्या वर्षांत तिने एकाही सिनेमाचा शेवट बघितला नव्हता. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघता आला असता, पण सुट्टीच्या दिवशी आपल्या कामाच्या जागी कोण जातं? एकदा तिने प्रोजेक्टरवाल्याला विचारलं, "शेवटी काय झालं हो?"

"काय होणार? दिवे लागले," तो म्हणाला.

पुन्हा तिने कोणाला विचारलं नाही. तसं विचारायची गरजही नव्हती. दार उघडलं की शेवट तिच्यासमोरूनच बाहेर पडायचा. बायका सरळ डोळे पुसत यायच्या, त्यात लपवाछपवी नसे. पुरुष गाडीची किल्ली शोधायचे. ती हातातच असायची, तरी खिसे चाचपत राहायचे. काही जण पडद्यावरची नावं संपेपर्यंत खुर्ची सोडत नसत, जणू प्रकाशयोजनेला कोण कोण मदतीला होतं हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती. सिनेमा पडेल असला की लोक बाहेर पडता पडताच जेवायचं काय ते ठरवायचे. तो चांगला असला की दारापाशी क्षणभर थबकायचे आणि गल्ली कुठे जाते तेच विसरल्यासारखे इकडेतिकडे बघायचे.

या चेहऱ्यांवरून ती शेवट जुळवायची आणि संध्याकाळी तो घरी सासूला सांगायची.

सासूला सिनेमाचं भारी वेड, त्यातही रडक्या सिनेमाचं. तरुणपणी ती दोन रुमाल घेऊन जायची, एक स्वतःसाठी आणि एक शेजारच्या खुर्चीत कोणी बेसावध बसलं असेल तर त्याच्यासाठी. पुढे गुडघे गेले आणि थिएटरच्या पायऱ्या सुटल्या. टीव्हीवर सिनेमे लागायचे, पण त्याचा तिला संताप यायचा. "गळा दाटून येतोय तोवर साबणाची जाहिरात. रडायचं की अंग घासायचं?"

सून घरात आली तेव्हा दोघींचं फारसं जमलं नव्हतं. भांडण असं काही नव्हतं, पण बोलणं औषध, दूध आणि दाराची बेल एवढ्यापुरतंच. सुनेने थिएटरातली नोकरी धरली तेव्हा सासू म्हणाली होती, "लोकांना अंधारात जागा दाखवायची, हे काय काम झालं?" मग पंधरा दिवसांनी तिनेच, खिडकीबाहेर बघत, विचारलं, "सध्या कुठला लागलाय?"

तिथून ते सुरू झालं. सासूच्या खोलीत पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड होतं. नुसतं स्टँडच, वर मशीन नव्हतं. फळी टाकून त्याचं टेबल केलं होतं. सून कामावरून आली की सासू त्या टेबलाशी बसायची, एक पाय पायडलवर ठेवायची आणि म्हणायची, "हं." गोष्ट रंगात आली की पायडल जोरात चालायचं. लांबण लागली की ते मंदावायचं. तसं झालं की सून दोन गाणी गाळून पुढे जायची. शेवटाला पायडल थांबायचं, सासू डोळे पुसायची आणि निकाल द्यायची, "बरा होता." लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, "झाला का खेळ? आता कोणी जिवंत असेल तर मला चहा द्या."

या तासाभराशिवाय दोघींमध्ये दुसरं काही नव्हतं, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. म्हणून शेवट आपण जुळवतो हे तिने कधी सांगितलं नाही. आणि सासूला रडायला आवडायचं, म्हणून जुळवताना ती हात आखडता घेत नसे.

त्या वर्षी दोन बहिणींचा एक सिनेमा आला. बहिणींचं वाकडं आलेलं, वर्षानुवर्षं बोलणं बंद. मोठी आजारी पडते. धाकटीला निरोप मिळतो, ती बस पकडते. वाटेत पूल वाहून गेलेला असतो आणि बस नदीच्या काठाशी अडकते. इथपर्यंत सुनेने पाहिलं आणि ती दाराकडे गेली. आत जे रडणं सुरू झालं, ते तिने त्या दारामागे कधी ऐकलं नव्हतं. दिवे लागल्यावर लोक भिंतीला हात धरत बाहेर आले. एक म्हातारी बोळातल्या पायरीवर बसूनच राहिली. चेहऱ्यांत शंकेला जागा नव्हती.

संध्याकाळी तिने सासूला सांगितलं, "धाकटी पोचते, पण उशीर झालेला असतो. खाट रिकामी. उशीवर अजून डोक्याचा खळगा असतो."

पायडल थांबलं. सासू रडली नाही आणि "बरा होता" असंही म्हणाली नाही. उठून सरळ अंथरुणावर जाऊन पडली.

"मुद्दाम केलंस का गं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"मुद्दाम काय? चेहरे तसे होते."

त्याने विचारलं त्याला कारण होतं. सासूलाही एक धाकटी बहीण होती, त्याची मावशी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईच्या मागे शिलाई मशीन कोणी घ्यायचं यावरून दोघींचं बिनसलं होतं. शेवटी वाटणी झाली. स्टँड मोठीकडे आलं आणि वरचं मशीन धाकटीने नेलं. त्यानंतर दोन्ही घरांत एक टाकाही पडला नव्हता आणि दोघींत एक शब्दही नाही. त्या घरात 'ती' म्हटलं की अर्थ एकच होता.

सकाळी सून उठली तर सासू बाहेर जायचे कपडे घालून, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसलेली.

"आज सुट्टी आहे ना तुझी? चल, मला तिच्याकडे ने."

मावशीने दार उघडलं. बहिणीला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. म्हणून आले."

"आत ये मग. चपला बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीये."

पहिला अर्धा तास दोघी गुडघ्यांवर बोलल्या. गुडघे हा बिनधोक विषय होता. मशीन कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं दिसत होतं. सासूने तिकडे दोनदा पाहिलं, मावशीने तिला बघताना दोनदा पाहिलं. मग चहा आला आणि सासू जरा सैलावली.

"काल हिने एक सिनेमा सांगितला. दोन बहिणींचा. पूल वाहून जातो बघ..."

"तो? अगं, मी बघितला तो! नातीबरोबर गेले होते. काय रडले, काय रडले! नात म्हणाली, आजी, लोक बघतायत."

"रडशील नाहीतर काय. बिचारी पोचते आणि खाट रिकामी."

"खाट कशाला रिकामी? पोचते की वेळेवर! चपला हातात घेऊन नदी ओलांडते. मोठी दारातच बसलेली असते. आणि आल्या आल्या तिला म्हणते, पाय पुसून आत ये. झालं! तिथे सगळं थिएटर हुंदके द्यायला लागलं."

दोघी बहिणींनी एकदमच सुनेकडे बघितलं. तिच्या हातात बशी होती आणि ती ठेवायला जवळपास जागा नव्हती.

"मी शेवट बघितलेला नाही," ती म्हणाली.

"या सिनेमाचा?" सासूने विचारलं.

"कुठल्याच. तेव्हा मी दारावर असते. लोक बाहेर येतात, त्यांच्या तोंडांवरून मी..."

सासूने बराच वेळ हिशोब लावला. "म्हणजे तो मागच्या सिनेमातला स्टेशनमास्तर?"

"माहीत नाही, आई."

"मेला नाही तो?"

"मेला असेलही."

"दोन दिवस घास उतरला नव्हता माझ्या घशाखाली!"

मावशी पदरात तोंड खुपसून हसायला लागली. मग हसता हसता मध्येच थांबली. "थांब. म्हणजे तू मी मरेन या भीतीने आलीस होय? मला वाटलं, मनातून यावंसं वाटलं."

"तू कशाला मरशील? सिनेमात मोठी जाते. मोठी मी आहे."

"मग?"

"मग तू उशिरा आली असतीस. तू लहानपणापासून सगळीकडे उशिराच येतेस."

मावशीने कप उचलून मोरीत नेले आणि तिथे बराच वेळ नळ सोडून ठेवला. परत आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं. "आलीच आहेस तर मशीन घेऊन जा."

"कुठे ठेवू? स्टँडवर माझी औषधं असतात."

परतीच्या वाटेवर सासू सुनेशी एक शब्द बोलली नाही. बहिणीशी जुळलं होतं, पण त्याचं श्रेय सुनेला द्यायची तिची तयारी नव्हती आणि घ्यायची सुनेची हिंमत नव्हती. त्या आठवड्यात पुन्हा औषध, दूध आणि दाराची बेल. संध्याकाळी सासू टीव्ही लावून साबणाच्या जाहिराती बघत बसायची. सून भाजी चिरताना आतला आवाज ऐकायची. पायडल वाजत नव्हतं.

शुक्रवारी थिएटरात सिनेमा बदलला. नवीन गोष्ट एका बापाची आणि त्याच्या घर सोडून गेलेल्या मुलाची होती. सून घरी येऊन चपला काढत होती, तोच आतून हाक आली.

"इकडे ये."

सासू टेबलाशी बसली होती. औषधांच्या शेजारी फोन उताणा ठेवलेला, स्पीकर चालू.

"ही पण ऐकतेय," सासू फोनकडे बोट दाखवत म्हणाली. "सांग."

सुनेने सांगितलं. मुलगा जातो, बाप त्याच्या खोलीला कुलूप लावतो, वर्षं जातात, एक दिवस मुलाचा फोन येतो आणि बाप तो घेत नाही. मग बाप किल्ली शोधायला लागतो. डबे उपडे करतो, गाद्या उलथतो. पायडल आधी अडखळत, मग नीट चालू लागलं. सून थांबली.

"पुढे?"

"पुढे मी दार उघडायला गेले."

पायडलही थांबलं. फोनमधून आवाज आला, "लाईन तुटली का गं?"

"गप बस," सासू म्हणाली. मग सुनेला, "उभी का? बस. लोक बाहेर कसे आले, ते सांग."

सून बसली. तिने आठवून बघितलं. "रुमाल होते, पण थोडे. काही पुरुष किल्ली हातात असून खिसे चाचपत होते. बोलत कोणी नव्हतं. एका माणसाची बायको चालत कोपऱ्यापर्यंत गेली, तरी तो दारातच चष्मा पुसत उभा होता. काच स्वच्छ झाली तरी पुसतच होता."

"वय काय त्याचं?" फोनने विचारलं.

"असेल साठीचा."

"किल्ली सापडली मग," फोन म्हणाला.

"सापडली," सासू म्हणाली, "पण कुलूप गंजलेलं असणार. एवढी वर्षं कोणी फिरवलंय?" पायडल हळूहळू चालायला लागलं. "आणखी कोण होतं? किल्ली चाचपणारे किती होते? नीट आठवून सांग, घाई करू नकोस."