दुर्बिणीचा आदला दिवस

त्या दिवशी वारा साफ पडला होता. दसरा होऊन गेलेला, पाऊस परतलेला, आणि दुपारी खाडीवरून येणारी झुळूकही कुठेतरी अडकून बसलेली. माडाचं झावळ हलत नव्हतं. अशा उकाड्यात आमच्या वाडीत एका घरी भांडं पडलं तर पलीकडच्या घरातून विचारतात, "काय गो, फुटला?" हे मुद्दाम सांगतो, कारण वारा असता तर पुढचे अर्धे किस्से माझ्या घरातच राहिले असते. आता ते वाडीचे झालेत. कुणी चहाला आलं की मी एक सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि ढीग वाढत जातो. मी शिकलेला माणूस नव्हे. जन्म होडीवर गेला, माणसं या काठावरून त्या काठाला सोडण्यात. तेव्हा सावकाश सांगतो.

मला शौचातून रक्त पडत होतं. थोडंच, पण पडत होतं. माझ्या थोरल्या भावालाही असंच पडायचं. त्याने लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. म्हणून मी घरकारणीला, म्हणजे बायकोला, सांगितलं, तिने मुंबईला मुलाला फोन केला, आणि त्याने तिथूनच इकडच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. मागून दुर्बीण घालून आतडं बघायचं. त्याआधी पोट घरी पूर्ण धुऊन यायचं.

ही बातमी शिवाला लागली. शिवा म्हणजे माझा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे, आणि शिवाचं निम्मं आयुष्य त्या गडग्यावर बसून गेलंय. अलीकडे सदरा त्याच्या अंगावर जरा सैल दिसायचा, पण जीभ होती तशीच.

"मेल्या पांडग्या, लोक दुर्बिणीन चंद्र बघतत! तुझ्यात काय बघतले?"

*

खरं तर हा आदला दिवस दोनदा आला. पहिला फुकट गेला.

दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं, "आजोबा, जेवण बंद. फक्त आरपार दिसेल असं पातळ प्यायचं." आम्ही दोघांनी ते नीट ध्यानात ठेवलं. घरकारणीने सोलं भिजत घातली. सोलं म्हणजे आमसुलं. नारळाचा रस न घालता नुसत्या पाण्याची कढी केली, आणि पेला उजेडात धरून पलीकडे बोट हलवून बघितलं. बोट दिसलं!

"बघा, आरपार!"

मी दिवसभर पेल्यांवर पेले रिचवले.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर आडवा होण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "काल काय काय घेतलंत?" घरकारणीने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले.

"आजी, लाल काही द्यायचं नसतं! आत सगळं लाल दिसणार. त्यात रक्त कुठलं आणि आमसूल कुठलं, मी कसं ओळखू?"

घरकारीण शांतपणे म्हणाली, "चव घेतल्यार कळात."

डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. गाडीत बसल्यावर ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "पुढच्या खेपेक चूक करूक नको हां. माका भावोजींची आठवण येता."

*

दुसऱ्या खेपेला ती दारातच खुर्ची टाकून बसली.

आमच्याकडे माणूस उपाशी आहे म्हटलं की वाडीला झोप लागत नाही. सकाळपासून रीघ! चुलतवहिनी कुळथाची पिठी घेऊन आली.

"तेंका कायच चलना नाय गो," घरकारीण म्हणाली.

"पातळच केलंय. हाताक लागत नाय इतकी पातळ!"

मग कुणी मऊ भात, कुणी तांदळाच्या शेवया, कुणी घावणे. घावण्याला जाळी पडलेली होती, म्हणून आणणारीचं म्हणणं, "ह्यातून पण आरपार दिसता!" शहाळी तेवढी चालत होती. तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शहाळ्यांचा एवढा ढीग झाला की पोस्टमन विचारून गेला, "विकूक बसलास काय?"

आता आणलेलं परत पाठवायचं म्हणजे माणसाचा अपमान. ते टाकायचं म्हणजे अन्नाचा अपमान. तेव्हा घरकारणीने कुणाचाच अपमान होऊ दिला नाही. सगळं तिने एकटीने खाल्लं.

मी शहाळ्याचं पाणी पीत तिच्याकडे बघत होतो. मध्ये मध्ये ती मला म्हणायची, "तुमचे हाल बघवत नाय माका."

*

दुपारनंतर औषध सुरू. पावडर पाण्यात कालवून मोठी बाटली भरलेली, थोड्या थोड्या वेळाने एक पेला घ्यायचा. वास लिंबाचा, आणि चव? होडी उलटली की नाकातोंडात जाते तीच! शिवा गडग्यावरून वेळ बघत होता.

"पांडग्या, झाली वेळ! वल्हव!"

पेल्यांवर पेले गेले. पोट भोपळ्यासारखं झालं. बाहेर मात्र काही नाही. घरकारीण घाबरली. तिला ती फुकट गेलेली तारीख आठवली असणार. तिने सरळ नारळ काढला आणि शिवाला हाक मारली, कारण देवाला गाऱ्हाणं घालायचं ते आमच्याकडे शिवानेच.

शिवा गडगा ओलांडून आला. पंचा खांद्यावर टाकला, नारळ घेतला, आणि मागच्या दारात उभा राहिला. साथ द्यायला घावणे-पिठीवाल्या बायका होत्याच.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुझो लेकरू पांडुरंग आज औषध पिऊन बसलेलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटात जा काय अडलेला आसा, नडलेला आसा, ता वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे माझ्या पोटात गडगडलं. असं गडगडलं की बायकांनी आभाळाकडे बघितलं. मी उठलो.

"आणि तेच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

मागच्या दारात आडवा तोच होता. मी त्याला नारळासकट बाजूला केला आणि संडासाकडे धावलो. माझ्या पाठीमागे सगळ्या बायका एका सुरात,

"व्हय म्हाराजा!"

*

सिस्टरने बजावलं होतं, शेवटी नुसतं पिवळट, स्वच्छ पाणी यायला हवं. तोवर थांबायचं नाही. मुलगा मुंबईहून दर थोड्या वेळाने फोन करी, आणि घरकारीण स्पीकर लावून संडासाच्या दाराशी उभी राही.

"बाबा, कलर कसा आहे?"

मला रंगांची नावं कुठली यायला! जन्मभर पाहिलं ते खाडीचं पाणी.

"आषाढातली खाडी!" मी आतून सांगितलं.

मग काही वेळाने, "श्रावण लागलो!"

वारा नव्हताच. पलीकडच्या घरांतून विचारणा सुरू झाली, "गणपती इले काय?" शिवा गडग्यावरून ओरडला, "पांडग्या, भरती हा काय ओहोटी?"

"तुमच्या तोंडार शिरा पडो!" घरकारीण त्याला म्हणाली, पण हसत होती. मला बंद दाराआडून ते ऐकू आलं, आणि बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी हसली होती.

*

संध्याकाळी मात्र तिचं हसू गेलं. पिठी, शेवया, मऊ भात आणि घावणे यांचं पोटात आपसात पटलं नाही. उपास माझा, आणि पोट तिचं बिघडलं! घरात संडास एक. ती आत आणि मी बाहेर दारावर थाप मारतोय.

"लवकर गो!"

"तुमचा तरी नुसता पाणी हा!"

शेवटी मी गडगा ओलांडला. या वयात, त्या अवस्थेत, कसा ओलांडला ते देवालाच ठाऊक.

"शिवा, तुझो संडास!"

शिवा एकदम वाटेत आडवा आला. "थांब रे, जरा आवरतंय..."

थांबायची सोय होती का? मी घुसलो. आत बसल्यावर समोर खिडकीची फळी दिसली. तिच्यावर मूळव्याधीचं मलम, इसबगोलचा डबा, काढ्याच्या बाटल्या, कुठल्या कुठल्या वैद्यांच्या पुड्या. काही रिकाम्या, काही अर्ध्या.

बाहेर आलो तर शिवा दारातच.

"काय बघलंस?"

"काय नाय."

"म्हातारेची औषधा हत ती."

त्याची म्हातारी गेलं वर्षभर मुंबईला नातू सांभाळतेय! मी "बरा" म्हटलं आणि गडगा ओलांडून परत आलो.

*

उरलेलं औषध उजाडता उजाडता संपवलं. दिवाळीतली खाडी झाली, तळ दिसेल इतकी.

डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि म्हणाले, "वा आजोबा! असं स्वच्छ आतडं क्वचित बघायला मिळतं." बाहेर घरकारणीला त्यांनी फोटो दाखवला. तिने तो हातात धरून निरखला.

"माझी भांडी पण इतकी लख्ख निघनत नाय!"

आत आळंब्यासारखी एक बारीक गाठ होती. ती त्यांनी तिथल्या तिथे काढली, तपासायला पाठवली, आणि पुढे रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "राहिली असती तर काही वर्षांनी हिनेच त्रास दिला असता. वेळेवर आलात." मला भावाचा चेहरा दिसला. घरकारीण पदर डोळ्यांना लावून उभी होती.

*

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी वारा सुटला होता. वाडी येऊन गेली. या खेपेला मी जेवून घेतलं आणि सगळ्यांचं सगळं खाल्लं. सगळे आले, पण शिवा नाही. गडगाही रिकामा.

दिवे लागायच्या वेळी तो आला. गडग्यावरून नाही. रस्त्याने फिरून, पुढच्या फाटकातून, पाहुण्यासारखा. ओट्यावर माझ्या शेजारी बसला. गाठ केवढी होती, दुखलं का, पुन्हा जायचंय का, एवढं विचारलं. एकही टोमणा नाही. मग आत वाकून बघितलं. घरकारीण चुलीपाशी होती. सैल सदऱ्याची बाही त्याने खाली ओढली, खाडीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाला,

"पांडग्या, माका लिंबाचो वास सोसना नाय. ता औषध दुसऱ्या खंयच्या वासाचा मेळता काय रे?"