उतरलेलं चुंबक

मी मराठी शिकवतो. यंदा विज्ञानाला नवीन बाई आल्या आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. परवा त्यांच्या वर्गाच्या खिडकीपाशी मी उगाच रेंगाळलो.

कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं पट्टीचुंबक बाईंनी हौसेनं बाहेर काढलं होतं. ते टाचण्यांच्या ढिगावर धरून त्यांनी विचारलं, "काय दिसतं?"

"टाचण्या चिकटतात, बाई!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. एकही टाचणी हलली नव्हती.

"अरे, नीट बघा ना."

मुलांनी नीट बघितलं आणि तेच उत्तर जरा मोठ्यानं दिलं.

कविता वाचून काय वाटलं, असं विचारलं की माझ्याही तासाला गाइडमधलंच वाटणं ऐकू येतं. मला त्याची सवय झाली आहे. बाईंना अजून नव्हती, म्हणून त्यांचा चेहरा बघवेना.

तास सुटल्यावर मी विचारलं, "बिघडलंय का ते?"

"उतरलंय, सर. चुंबक असं एकटं ठेवलं की हळूहळू उतरतं. जोडीनं ठेवायचं असतं."

आमच्या शाळेत विज्ञानाला त्या एकट्याच. मधल्या सुट्टीत आम्ही बदल्या आणि इलेक्शन ड्युटीबद्दल बोलत बसतो, तेव्हा त्या डबा घेऊन प्रयोगशाळेत जातात. तिथं त्यांना कुणी हाक मारायला गेलेलं मी पाहिलेलं नाही. मीही गेलेलो नाही.

आज त्याच वर्गावर माझा तास होता. आधीच्या तासाचा फळा तसाच होता. बाईंच्या सुबक अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'निरीक्षण : टाचण्या चुंबकाला चिकटतात.'