बाच्या लेथची केबल

मी चिडकी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यातलं अर्धं माझ्या चिडण्यामुळे लांबलं.

कळंबला आमचं छोटं वर्कशॉप आहे. कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यांचे शाफ्ट, बुश, रोलर, असलं काम. बाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते उभं केलं. आमच्या बंजारा तांड्यातला तो पहिला टर्नर. लोखंड तासायच्या एकाच लेथसमोर तीस वर्षं उभा राहिला. मागच्या वर्षी त्याच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तांड्यावरून येणं बंद झालं. मग मी त्या लेथची हँडलं काढली, तिथे मोटारी बसवल्या आणि मोटारींना कॉम्प्युटर जोडला. हँडलं काढताना बाला विचारलं नव्हतं. नंतर सांगितलं, तेव्हा तो "बरं" म्हणाला, आणि मला तेवढं पुरलं.

कॉम्प्युटर एका सेकंदात हजारदा मोटारीला निरोप धाडतो, इतकं सरक. आणि मोटार दर वेळी कळवते, सरकले. निरोप नुसता बरोबर असून चालत नाही, वेळेवर लागतो. लागोपाठ दोन-चार उशिरा आले की सगळं आपोआप थांबतं, नाहीतर तासणारं टूल कुठेही घुसेल. हे मी बाला मोठ्या ऐटीत समजावलं. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो, पण मशीनचा विषय निघाला की दोघंही वऱ्हाडीवर येतो. काम तो त्याच बोलीत शिकला. बा म्हणाला, "लदेणीत असंच राहे. माहा आजा सांगे. म्होरच्या बैलाच्या घंटीचा आवाज आला नाही, का मागचे सारे उभे." बैलांवर माल लादून आमचे पूर्वज मुलूखभर हिंडत, ती लदेणी. मी दहा मिनिटं बोलले होते, त्याने एका दमात उरकलं. मला थोडा रागच आला.

घरी त्याला करमेना, म्हणून मी लेथच्या वर कॅमेरा लावला आणि त्याच्या मोबाइलवर चित्र दिसेल असं केलं. वर्कशॉपातल्या नेटच्या साऱ्या वायरी एका छोट्या डब्यात येतात. लेथची केबल तिथूनच जात होती, कॅमेऱ्याचीही तिथेच खोचली. लेथची केबल सरळ जोडा, मधे काही नको, असं माहितीपुस्तकात लिहिलं होतं. मी वाचलं होतं. चालतंय ना, मग कशाला, म्हणून सोडून दिलं. बा सकाळी दहाच्या चहानंतर आणि दुपारी चारला मोबाइल उघडायचा. दिवसातून दोनदा त्या पडद्यात डोकावणं, एवढाच त्याचा लेथ आता उरला होता.

मग लेथ मधेच थांबायला लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल ओळ यायची, निरोप उशिरा आला, आणि अर्धवट तासलेला शाफ्ट भंगारात. मी आधी ऑपरेटरवर घसरले. बाच्या हाताखाली तयार झालेला, शांत माणूस. "ताई, मी तं चहा पिऊन राह्यलो होतो," एवढंच म्हणाला. मग विजेला दोष दिला, मग उंदरांना. केबल बदलली. शेवटी अर्थिंगचा खड्डा नव्याने खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि लेथ थांबायचा बंद झाला. मी चिंतामणीच्या देवळात जाऊन आले, पेढे वाटले आणि पंधरा दिवस जो भेटेल त्याला अर्थिंगचं महत्त्व सांगितलं.

एका रविवारी तांड्यावर गेले. बाचा मोबाइल फडताळात पडलेला, वर धूळ.

"बा, पाहत नाही का रे आता?"

"नाही."

"काहून?"

"मी पाह्यलं का मशीन थांबे. तीनदा पाह्यलं, तीनदाही थांबली. दोन दिवस नाही पाह्यलं, चालली. मंग पुन्हा पाह्यलं, थांबली." तो जरा हसला. "माही नजर लागते तिले. काम चालू राह्यलं पाहिजे. मी पाह्यलं काय, न पाह्यलं काय."

मी भडकले. शिकलीसवरली मुलगी असून घरात हे ऐकायचं, नजरबिजर काही नसते, अडाणी आहेस तू, असं बरंच बोलले. बाने ऐकून घेतलं. म्हणाला, "नजर नसन. मले नाही कयत. पण मी मापलं."

त्याचं ते "मापलं" डोक्यातून जाईना. सोमवारी सकाळी कॉम्प्युटरमधली नोंद काढली. लेथ थांबल्याच्या सगळ्या वेळा दहाच्या आणि चारच्या आसपास होत्या. अर्थिंगचा खड्डा खणला त्याच्या तीन दिवस आधीच शेवटची लाल ओळ पडली होती.

मी याडीच्या, म्हणजे आईच्या, फोनवर बाला बोलावलं. लेथमध्ये माल न लावता मोटारी नुसत्या चालवल्या आणि म्हटलं, मोबाइल उघड. त्याने उघडला. लाल ओळ. बंद करायला लावलं, लेथ सुरू केला, पुन्हा उघडायला सांगितलं. पुन्हा लाल ओळ. कॅमेऱ्याचं चित्र त्याच डब्यातून धो धो जात होतं आणि मोटारीचे निरोप त्याच्यामागे ताटकळत होते. बाने चुकलेली गोष्ट बरोबर पकडली होती, फक्त दोष स्वतःकडे घेतला होता. आणि मी त्याला अडाणी म्हणाले होते. लाज वाटली.

लेथची केबल कॉम्प्युटरला सरळ जोडली, कॅमेरा वेगळा केला. दिवसभर तपासलं. दुसऱ्या दिवशी जिनिंगचा खरा शाफ्ट लावला, टूल चालू केलं आणि फोन केला.

"बा, उघड आता."

"माल लावला का?"

"लावला."

"मंग नाही उघडत. कायले वाया घालवतं?"

"चूक माही होती. केबल चुकीची लावली होती मी. तुह्या नजरेचा काही संबंध नाही. उघड."

मागून याडी म्हणाली, उघडला. ऑपरेटर आणि मी पडद्याकडे पाहत उभे होतो. टूल सरकत राहिलं. लाल ओळ आली नाही.

"चिप तुटून नाही राह्यली," बा म्हणाला. "लंबी निघून राह्यली. टूलची धार गेली, पलटव ते."

खरंच, लोखंडाची साल वेटोळं होऊन शाफ्टला गुंडाळत होती. आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर. मी लेथ थांबवला, टूल पलटवलं, पुन्हा सुरू केला. आता बारीक तुकडे पडू लागले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं." मग हळूच, जसं दुसऱ्याच्या घरी विचारतात तसं, "थोडा वेळ पाहू का अजून?"

तीस वर्षं ज्याचा लेथ, तो मला विचारत होता. "पाह" एवढंच म्हणायचं होतं, पण या वेळी माझाच निरोप उशिरा गेला.